रात्रभराचा दहीकाला आणि साठ मिनिटांची टेप

गेल्या दिवाळीनंतर शेजारच्या वाडीतला एक पोरगा पिशवीतून जुना हँडीकॅम घेऊन माझ्या पडवीत आला. मामानं कधीकाळी मुंबईहून पाठवलेला, माळ्यावर पडून होता, चार्जिंग लावून बघितलं तर चक्क चालू झाला. त्याचा प्रश्न एकच, आणि तो दहीकाल्याचा, म्हणजे आमच्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकाचा. "काकानू, आमच्या जत्रेतलो दहीकालो ह्येच्यार शूट करूचो आसा. जास्तीत जास्त वेळ चलात अशी टेप खंयची?"

मी कुडाळच्या बाजूला पंचवीसेक वर्षं शूटिंग केलं. लग्नं, मुंजी, साखरपुडे पोटासाठी आणि दशावतार हौसेसाठी. हातातल्या मोबाइलवर सगळं होत असताना टेपेचा हट्ट कशाला, असं मी त्याला विचारलं. तर म्हणाला, टेपेचा रंग वेगळा दिसतो. आता काय बोलणार! आम्ही त्या रंगाला शिव्या घालत दिवस काढले. पण त्याचा प्रश्न खरा होता, आणि 'अमुक टेप घे' एवढ्यावर तो सुटत नाही. त्याला चहा पाजून जे सांगितलं तेच इथं लिहितोय. कोणाकडे असा कॅमेरा असेल आणि रात्रभराचं कीर्तन, भजन, नमन, काहीही टिपायचं असेल तर उपयोगी पडेल.

ज्यांनी दशावतार बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं. जत्रेत पालखी फिरून झाली की मध्यरात्रीच्या सुमारास खेळ उभा राहतो तो उजाडेपर्यंत. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर असा आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग, मग आख्यान, म्हणजे मुख्य कथा. लिहिलेली संहिता नसते, संवाद नट जागच्या जागी रचतात. मध्यंतरही नाही. लग्नात भटजींना 'दोन मिनिटं थांबा' म्हटलं तर ते अंतरपाट धरून ठेवतात. इथं राजाला तसं सांगायची सोय नाही. टेप बदलताना एखादं वाक्य सुटलं तर तेच आख्यान दुसऱ्या जत्रेत बघूनही ते वाक्य मिळत नाही, कारण तिथं नट दुसरंच काहीतरी बोलतो.

म्हणून मिनिटं मोजण्याआधी मी बदल्या मोजतो. सहा तासांच्या खेळात किती वेळा टेप बदलावी लागेल?

पण त्याच्याही आधी कॅमेऱ्याचं झाकण उघडून तोंड बघा. टेप तुम्ही निवडत नाही, अर्धी निवड कॅमेऱ्यानं आधीच केलेली असते. काडेपेटीहून थोडी मोठी, साधारण ६६ मिलिमीटर लांब आणि ४८ रुंद कॅसेट जात असेल तर तो मिनीडीव्ही. १९९५ साली हा प्रकार बाजारात आला आणि पुढची दहा-बारा वर्षं आमच्या धंद्यात त्याचंच राज्य होतं. कॅसेट जरा मोठी, जुन्या ऑडिओ कॅसेटच्या जवळपास जाणारी असेल आणि कॅमेऱ्यावर डिजिटल-८ लिहिलेलं असेल, तर त्यात हाय-८ ची टेप लागते. हा सोनीचा १९९९ चा प्रकार. आणि मिनीडीव्हीहूनही लहान, खेळण्यातली वाटावी अशी कॅसेट असेल, तर तो मायक्रोएमव्ही. तो कॅमेरा परत माळ्यावर ठेवा. त्याची टेप शोधण्यात जत्रा निघून जाईल.

पोराचा कॅमेरा मिनीडीव्हीचा होता, म्हणून आधी त्याचंच.

मिनीडीव्हीची नेहमीची टेप ६० मिनिटांची. ८० मिनिटांचीही मिळायची. पोरानं अर्थातच विचारलं, मग ८० चीच का घेऊ नये? कॅसेटचं डबडं दोन्हींचं तेवढंच असतं. साध्या वेगात टेप सेकंदाला जवळपास १९ मिलिमीटर सरकते, म्हणजे तासाला ६८ मीटर. ८० मिनिटांसाठी ९० मीटर लागते. तेवढ्याच डबड्यात २२ मीटर जास्त गुंडाळायची तर टेप पातळ करावी लागते. पातळ टेप ताणली जाते, कडेला दुमडते, आणि कॅमेरा जुना असेल, रबराचे रोलर कडक झालेले असतील, तर आतल्या यंत्रात गुरफटते. एकदा मालवणात एका लग्नात अशी गुरफटलेली टेप मी चिमट्यानं सोडवत होतो आणि तिकडे मंगलाष्टकं चालू होती. वधूच्या बापाचा चेहरा अजून आठवतो.

शिवाय हिशेब करून बघा. सहा तासांना ६० च्या सहा टेपा, म्हणजे पाच बदल्या. ८० च्या पाच टेपा, म्हणजे चार बदल्या. एका बदलीसाठी अख्ख्या रात्रीचा जीव टांगणीला लावायचा का? मी नाही लावत.

मग येतो एलपी, म्हणजे लाँग प्ले, टेप हळू सरकवायचा पर्याय. साध्या वेगाला एसपी म्हणतात. मेनूत जाऊन एसपीचं एलपी केलं की त्याच ६० च्या टेपेत ९० मिनिटं मावतात आणि ८० वाल्या टेपेत १२०. चार टेपांत रात्र, तीन बदल्या. ऐकायला झकास. आणि एक गैरसमज आधीच काढून टाकतो. व्हीएचएसवर लाँग प्लेला चित्र फिकं पडायचं, तसं इथं होत नाही. डीव्हीत चित्राचे आकडे लिहिले जातात, सेकंदाला २५ मेगाबिट, आणि एलपीतही तेवढेच. चित्र तसूभरही कमी होत नाही.

मग वेळ येतो कुठून? पट्ट्यांच्या रुंदीतून. आपल्याकडच्या पाल या टीव्हीच्या पद्धतीत एका चित्राला टेपेवर १२ तिरक्या पट्ट्या लागतात, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे ३०० पट्ट्या. आतला ड्रम, ज्यावर लिहिणारी-वाचणारी हेड बसवलेली असतात, मिनिटाला ९००० फेरे मारत या पट्ट्या ओढत जातो. एसपीत एक पट्टी १० मायक्रॉन रुंद. आपल्या केसाच्या जाडीत अशा सहा-सात पट्ट्या सहज बसतील. एलपीत टेप हळू सरकते आणि पट्टी ६.७ मायक्रॉनची होते. भाताच्या वाफ्यात ओळी दाटीनं लावल्या तर रोपं जास्त मावतात, पण मधून चालताना पाय रोपावर पडतो, तसंच हे. वाचणारं हेड जरासं इकडेतिकडे झालं की शेजारची पट्टी तुडवतं आणि पडद्यावर चौकोन नाचायला लागतात.

ज्या कॅमेऱ्यानं लिहिलं त्याचं हेड वाकडं असलं तरी त्याला स्वतःचं लिहिलेलं वाचता येतं, कारण दोन्ही वाकडेपणा सारखेच. दुसऱ्या कॅमेऱ्यात टेप घातली की भानगड. कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेतही बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की एलपीची टेप त्याच कॅमेऱ्यात चालवा. पुस्तिका कोण वाचतो?

मी तर नाहीच वाचली. २००४ च्या जत्रेत पैसे वाचवायचे म्हणून एक अख्खं आख्यान मी एलपीवर घेतलं. त्यात एक म्हातारे नट राजाच्या भूमिकेत होते. पुढे तो कॅमेरा मी विकला, नवा घेतला, टेपा कपाटात राहिल्या. सात वर्षांनी त्यांचा मुलगा आला. वडील गेले होते, आणि त्यांचा आवाज असलेली दुसरी कुठलीच वस्तू घरात नव्हती. नव्या कॅमेऱ्यात टेप घातली. राजा बाकड्यावर बसलेला, हात वर, आणि तोंडाच्या जागी करडे चौकोन. आवाज एक शब्द यायचा, चार गायब. मी हेड साफ केलं, टेप दोनदा पुढे-मागे फिरवली, ओळखीच्या दोघांचे कॅमेरे आणून बघितले. कुठे चौकोन कमी, कुठे जास्त, एवढाच फरक.

शेवटी ज्याला जुना कॅमेरा विकला होता त्याला शोधत वेंगुर्ल्याला गेलो. त्यानं तो मुलांना खेळायला दिला होता. बाजूचा पडदा निखळलेला, बॅटरीचं झाकण नाही. घरी आणून टीव्हीला जोडला, टेप घातली आणि राजा बोलायला लागला. मध्ये एक-दोनदा चित्र अडखळलं, बाकी अख्खं आख्यान. पात्र येऊन बाकड्यावर बसण्याआधी त्यांनी डाव्या हातानं मुकुट सारखा केला आणि एकदा सरळ कॅमेऱ्यात बघितलं. मुलगा म्हणाला, "थांबवा हंयसर." मी थांबवलं नाही. मोडका कॅमेरा, पुन्हा चालेल न चालेल, म्हणून त्याच बैठकीत सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि मग त्याला हवं तितक्या वेळा थांबवून दाखवलं.

तेव्हा एलपी वापरायचाच असेल तर दोन अटी. ज्या कॅमेऱ्यात लिहिलं तो कॅमेरा टेप उतरवून होईपर्यंत कोणाला देऊ नका, आणि उतरवणं आठवड्याच्या आत करा. एलपीच्या टेपेवर नंतर वेगळा आवाजही भरता येत नाही, तेही लक्षात असू द्या. मेनूत आवाजासाठी १२ बिट आणि १६ बिट असे पर्याय दिसतात. १२ बिट केल्यानं टेप जास्त चालत नाही. १६ वर ठेवा आणि विसरून जा.

आता ज्यांच्या हाती धंद्यातला जुना कॅमेरा आलाय त्यांच्यासाठी. आमच्याकडे २००३ नंतर सोनीच्या पीडी १७० कॅमेऱ्याचं एवढं वेड होतं की लग्नाच्या बोलणीतच मुलीकडचे विचारायचे, "पीडी हाडतालास मा?" म्हणजे पीडी आणणार ना? त्या कॅमेऱ्यात डीव्हीकॅम नावाचा पर्याय असतो. नाव भारी वाटतं म्हणून नवी पोरं तो लावून ठेवायची आणि टेप ४० मिनिटांत संपली की माझ्याकडे बघायची. डीव्हीकॅममध्ये पट्टी १५ मायक्रॉनची होते, टेप दीडपट वेगानं पळते. चित्र तेच, २५ मेगाबिटच, फक्त लिखाण ठळक. एका टेपेवरून दुसऱ्या मशीनवर जायचं असेल, टीव्ही चॅनेलला द्यायचं असेल, तर चांगलं. दशावताराला नऊ टेपा आणि आठ बदल्या कोण करणार! उलट, कॅसेटवर डीव्हीकॅम ४० छापलेलं बघून टाकू नका. तीच कॅसेट साध्या डीव्हीत घातली तर ६० मिनिटं चालते, आणि चांगली चालते.

हाय डेफिनिशनचा एचडीव्ही कॅमेरा असेल तर टेप तीच, मिनीडीव्ही, वेळही तोच, ६० मिनिटं, किंवा ६३ वाली कॅसेट मिळाली तर ६३. एलपी त्यात नाही, म्हणजे तो मोहच नाही. पण एचडीव्हीत चित्रं एकेकटी न लिहिता बारा-बारांच्या गठ्ठ्यानं लिहिली जातात, मागचं चित्र पुढच्याला आधार देतं. टेपेवर एक डाग पडला की जवळपास अर्ध्या सेकंदाचं चित्र गोठतं. साध्या डीव्हीत त्याच डागाला दोन-चार चौकोन दिसून गेले असते. त्यामुळे एचडीव्हीला वापरलेली टेप पुन्हा वापरू नका, कोरीच घ्या.

डिजिटल-८ वाल्यांनी कॅसेटवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. आपल्याकडची हाय-८ टेप पी५-९० म्हणून यायची, ९० मिनिटांची. डिजिटल-८ मध्ये ती ६० मिनिटांत संपते, कारण टेप जास्त वेगानं पळवावी लागते. अमेरिकेतल्या नातेवाइकानं पी६-१२० पाठवली तर १२० बघून हुरळून जाऊ नका. लांबीला ती जवळपास आपल्या ९० एवढीच असते. आकडा तिकडच्या टीव्हीपद्धतीच्या, एनटीएससीच्या, वेगाचा आहे. तिथूनही तासभरच.

खरा लांब पल्ला एकाच गोष्टीत आहे. मोठी कॅसेट. १२५ मिलिमीटर लांब आणि ७८ रुंद, डीव्हीचीच टेप, पण पोटात भरपूर. डीव्हीकॅमला १८४ मिनिटं आणि तीच साध्या डीव्हीत चालवली तर २७६. म्हणजे साडेचार तासांहून जास्त, एका टेपेत! इथं पट्टी बारीक करावी लागत नाही, म्हणून हा मला सगळ्यांत प्रामाणिक उपाय वाटतो. फक्त तिला तोंड मोठं लागतं. सोनीचा डीएसआर-२५० हा खांद्यावरचा कॅमेरा मोठी आणि छोटी दोन्ही घ्यायचा. पोट पीडी १७० च्या आधीच्या पीडी १५० चंच, देह मात्र रेड्याचा. मी तो एका मुंबईच्या ग्रुपबरोबर दोन रात्री वापरला. रात्री बाराला टेप घातली आणि साडेचारला एकदाच बदलली. मध्ये उठून चहा पिऊन आलो. पंचवीस वर्षांत तशा दोनच रात्री. स्वतः घ्यायची ऐपत नव्हती, आणि आमच्याकडच्या लग्नांत तो कॅमेरा मांडवाच्या दारातून आत शिरला असता तर पाहुणे बाहेर राहिले असते.

हे ऐकून पोरगा म्हणाला, म्हणजे माझ्याकडे ६० ची एसपी एवढाच मार्ग. हो, एवढाच. आणि तो वाईट नाही, बदल्या नीट करता आल्या तर.

बदली कशी करायची ते मी अनेक रात्री चुकून शिकलो. टेप संपायची वाट बघू नका. ५५ मिनिटं झाली की कान तयार ठेवा. हरदास, म्हणजे खेळातला गाणारा, पद धरतो, मृदंगावर थाप वाढते, पात्र नुसतं रंगमंचावर फेरे घेतं, ती तुमची वेळ. त्या पाऊण मिनिटात संवाद नसतो. नवी टेप आधीच वेष्टण काढून, एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवून शर्टाच्या वरच्या खिशात. टेप ठेवल्यावर 'पुश' लिहिलेल्या जागी हलकं दाबा, पुढे हातानं ढकलू नका, खण स्वतःहून बसतो. जोरानं दाबणाऱ्यांनी किती कॅमेरे मारले ते मी दुरुस्तीवाल्याकडे बघितलंय. टेप बसली की रेकॉर्डचं लाल अक्षर डोळ्यांनी बघा. सगळ्यांत जास्त रात्री याच एका गोष्टीनं वाया गेल्यात. पहिली दहा सेकंदं फुकट जाऊ द्या, उतरवताना सुरुवातीची सेकंदं हमखास अडतात. काढलेल्या टेपेची लाल पट्टी लगेच सरकवा, नाहीतर तीनच्या झोपेत तीच टेप परत आत जाते. आणि मध्ये टेप उलटी फिरवून 'आलंय का' बघायचा मोह आवरा. परत लावताना थोडी कोरी जागा राहिली तर टाइमकोड, म्हणजे टेपेवर लिहिला जाणारा वेळेचा आकडा, शून्यावर जातो, आणि उतरवताना कॉम्प्युटर त्या जागी हात टेकतो.

दर टेपेत तीन-चार मिनिटं शिल्लक राहतात म्हणून सहाच्या जागी सात टेपा न्या.

दोन कॅमेरे असतील तर दुसरा अर्ध्या तासानं सुरू करा, म्हणजे एकाची बदली दुसऱ्याच्या मध्यावर येते. एकच असेल तर माझी आताची युक्ती सांगतो, जी त्या काळी माझ्याकडे नव्हती. मोबाइलवर नुसता आवाज रात्रभर लावून ठेवा, पायपेटीपासून जरा लांब, विमान मोडवर, पॉवर बँक जोडून. खेळ सुरू होताना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, दर बदलीनंतर पुन्हा एक, हळू. मिक्सिंगला बसल्यावर टाळीला टाळी जुळवायची. दोन यंत्रांची घड्याळं तासाभरात थोडी सरकतात, म्हणून एका टाळीवर रात्र जात नाही, दर टेपेला नवी जुळणी. चित्र पाऊण मिनिट तुटलं तरी राजाचं वाक्य तुटत नाही. त्या जागी समई, पेटारा, झोपलेली पोरं, काहीही दाखवा. असे शॉट आधीच घेऊन ठेवा.

टेपच नको असेल तर आणखी एक वाट आहे. फायरवायरचं, म्हणजे डीव्ही कॅमेऱ्याची वायर जोडायचं, भोक असलेला जुना लॅपटॉप मिळाला तर कॅमेऱ्यातून थेट त्यात घेता येतं. तासाला १३ जीबी, म्हणजे रात्रीला ८० धरा. कॅमेऱ्यात कॅसेट ठेवू नका, नाहीतर बरेच हँडीकॅम पाच मिनिटं रेकॉर्डिंग नाही म्हणून बंद पडतात. पण देवळासमोरच्या अंगणात वायर, लॅपटॉप आणि चणे-फुटाणे खाणारी पोरं हे त्रिकूट मला झेपत नाही.

टेपा मिळवणं हीच आता मोठी शोधाशोध. २०२५ च्या फेब्रुवारीत सोनीनं मिनीडीव्हीचं उत्पादन थांबवलं. आता मिळतात त्या कोणाच्या तरी गोदामात राहिलेल्या. वेष्टण न फोडलेल्या घ्या, शक्यतो सगळ्या एकाच कंपनीच्या. वेगवेगळ्या टेपांवरचा ओशटपणा वेगळा असतो आणि हेडवर त्याचा चिखल होतो, असं आमच्या धंद्यात पक्कं मानलं जायचं, आणि मी तो नेम कधी मोडला नाही. एकदा स्वस्त म्हणून मुंबईतल्या एका दुकानातून खोकंभर उचलल्या होत्या. वेष्टण चकाचक, आत वापरलेल्या टेपा. तिसऱ्यात कोणाचंतरी बारसं निघालं. जुनी टेप असेल तर खिडकीतून गुंडाळीची कड उजेडात धरून बघा. पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. आमच्या कोकणात एका पावसात येते. अशी टेप कॅमेऱ्यात घातली तर बुरशी हेडवर जाते आणि पुढच्या चांगल्या टेपेला लागते.

आणि दंव. मार्गशीर्षात पहाटे कॅमेरा बर्फासारखा गार होतो. वर टॉवेल टाका. तसाच घरात, चुलीच्या उबेत आणून लगेच टेप फिरवायला गेलात तर ड्रमवर ओल धरते आणि टेप चिकटते. कॅमेऱ्यात ओलीची खूण लुकलुकायला लागली तर टेप काढून झाकण उघडं ठेवा आणि तासभर झोपा. तुम्हालाही गरज असते.

पोरानं सात टेपा जमवल्या. जत्रेत मी त्याच्या मागच्या खुर्चीवर शाल घेऊन बसलो होतो, मध्ये बोलायचं नाही असं ठरवून. पहिल्या दोन बदल्या त्यानं माझ्याहून चांगल्या केल्या. हरदासानं पद धरल्याबरोबर हात खिशात. तिसऱ्या वेळी टेप बसवली, झाकण लावलं, टाळीही वाजवली, आणि रेकॉर्ड दाबायला विसरला. अकरा मिनिटांनी माझ्याच लक्षात आलं, कारण मलाही डुलकी लागली होती. राणीचा विलाप अर्ध्यावर आला होता.

चित्र गेलं, पण आवाज मोबाइलवर आहे. या रविवारी मिक्सिंगला बसतोय. त्यानं पेटाऱ्याचे आणि समईचे मिळून साडेचार मिनिटांचे शॉट घेतलेत, उरलेल्या साडेसहा मिनिटांना काय लावायचं ते बघू.